बाराशेच्या खाली नाही

चैत सरला, भाताचे राब भाजून झाले आणि घोटावड्यात ज्याच्या त्याच्या घराला शिड्या लागल्या. कुणी कौलं चाळतंय, कुणी कुजका वासा बदलतंय, बायका भिंती लिंपतायत. कोंडीबाच्या घराला मात्र औंदा कुणाचा हात लागेना. वारं सुटलं की मावळतीच्या अंगाची कौलं घसरायची, पडवीच्या भिंतीचे पोपडे सुटून उंबऱ्यात पडायचे. दरसाल ह्याच दिवसांत गंगू कमरेला पदर खोचून भिंतीला भिडायची. तांबड्या मातीची पट्टी अशी सरळ ओढायची की शेजारणी जळायच्या. औंदा पोपडे झाडून उकिरड्यावर टाकायचे, एवढंच तिच्या हाती राहिलं होतं.

"आवं, निदान येवडी पडवी तरी लिपते," ती न राहवून म्हणाली.

"खुळी का काय तू?" कोंडीबा खेकसला. "लिपून त्याची किंमत वाढवतीस? आठ दिसांनी पंच येत्याल बघाया. मोडकं दिसू दे. जेवडं मोडकं दिसंल तेवडं आपल्याला बरं."

सरळ माणसाला हे उलटं वाटेल, पण त्याचं कारण होतं. म्हातारा गेल्यावर कोंडीबा आणि धाकटा देवू ह्या दोघांनी खाचरं वाटून घेतली. बांधावरून चार शब्द इकडचे तिकडचे झाले आणि तेव्हापासून दोघांत अबोला. राहिलं घर. आता घराला आढं एकच, ते का करवतीनं मधोमध कापायचं? देवू खडकीच्या कारखान्यात कामाला. तिथं खोली घ्यायची म्हणून त्याची बायको आणि सासरा त्याच्या मागं लागलेले, वाटा आण म्हणून. शेवटी पंचांनी तोडगा काढला की घराचा लिलाव करायचा आणि येईल तो पैसा दोघांनी निम्मा निम्मा घ्यायचा. बोली कुणीही बोलावी, भावांनीसुद्धा. पण आधी पंच घर बघून खालची बोली ठरवणार. त्या आकड्याच्या खाली घर कुणालाच द्यायचं नाही.

कोंडीबानं दुभती म्हस विकली. चारशे रुपये हाताशी आले. निम्मं घर आपलंच, म्हणजे आठशेपर्यंत बोली बोलायची त्याची ताकद. खालची बोली कमी लागली आणि दुसरं कुणी पुढं आलं नाही तर घर राहणार. नाहीतर गंगू, कोंडीबा आणि लग्नाची लेक पारू ह्यांनी रानातल्या गोठ्यात जायचं, शेणामुतात चूल मांडायची.

मग एका सकाळी कोंडीबानं शिडी लावलीच. गंगू खाली उभी राहिली. वर जाऊन तो चांगली बसलेली कौलं उचकटायला लागला. एक एक काढून तिच्या हातात देत होता आणि तिथं भोक पडत होतं. पलीकडच्या घरावरून शेजाऱ्यानं हाळी दिली, "कोंडीबा, काढली वाटतं शाकारणी?"

"व्हय, बघतुया," कोंडीबा म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

गंगूच्या हातात सासऱ्याच्या हातची कौलं होती. तिला रडू आलं. पण रडायची ही वेळ नव्हे, म्हणून तिनं ती परसात नेऊन गवताखाली झाकली. पुढं घर राहिलं की परत चढवता येतील.

त्याच दिवशी दुपारी दोघं खाचराचा बांध घालत होती. कोंडीबा ढेकळं उपसत होता, गंगू ती उचलून बांधावर थापत होती. घामानं दोघांचे कपडे अंगाला चिकटलेले. कुदळीचा दांडा छातीला टेकवून कोंडीबा उभा राहिला.

"नुसत्या पोपड्यांनी भागायचं न्हाई. हैबतराव पाटील लई बेरका हाय."

"मंग?"

"घराचं नावच खराब झालं पायजे." तो तिच्याकडं न बघता बोलला. "सावळ्याचं बोलावं लागंल."

गंगूच्या हातातलं ढेकूळ खाली पडलं. "काय बोलायचं सावळ्याचं?"

"घर धार्जिणं न्हाई म्हणायचं. घरानं लेकरू नेलं म्हणायचं. मी बोललो तर कुणी धरायचं न्हाई. आईनं बोललं तर..."

"जीभ झडंल माझी!" ती ओरडली. "मेलेल्या लेकराला बाजारात बसवू?"

कोंडीबा कुदळ मारत राहिला. पण त्यानं ते बोलून ठेवलं ते ठेवलंच. पाण्याचा हंडा उचलताना, भाकरी थापताना गंगूला ते आठवायचं आणि हातातलं काम थांबायचं.

पंच आले. पुढं हैबतराव पाटील, हातात लोखंडी टोकाची काठी. मागं देवू आणि त्याचा सासरा जयसिंगराव. खडकीला राहून ह्या जयसिंगरावाच्या अंगावर कोट चढला होता आणि घामाच्या धारा लागल्या तरी तो काही उतरवत नव्हता. देवू भावाकडं न बघता पडवीच्या कडेला उभा राहिला. गंगूनं पाण्याचा तांब्या पुढं केला तो त्यानं घेतला, पण मान वर केली नाही.

पाटलांनी पोपडे बघितले, छपराची भोकं बघितली आणि मिशीत हसले. "कोंडीबा, फाटका अंगरखा घातला म्हणून माणूस हलका व्हतो व्हय रं?" असं म्हणत त्यांनी काठीचं टोक मधल्या खांबात खुपसलं. टोक आत शिरलंच नाही. "बघा. सागवान हाय. ह्याच्या आज्यानं ताम्हिणीच्या अंगानं वढून आणलेलं. अजून दोन पिढ्या हलायचं न्हाई. बोल देवू, तुझं काय म्हणणं?"

"बाराशे," देवू म्हणाला. "बाराशेच्या खाली न्हाई."

जयसिंगरावानं खूश होऊन जावयाच्या पाठीवर थाप मारली. कोंडीबाचा चेहरा मात्र पार उतरला. "बाराशे? आरं, ह्या गावात कुणाच्या बापानं एकदम बघितल्यात का बाराशे?"

"पाटील, दादाला सांगा," देवू खांबाकडं बघत म्हणाला, "माझं आईक म्हणावं. बाराशेच धर."

गंगूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लगीन होऊन ती ह्या घरात आली तेव्हा हा देवू शेंबडं पोर होता. सासू आधीच गेलेली. ह्याला तिनं न्हाऊ घातलं, ह्याच्या उवा मारल्या, ताटातली साय ह्याला वाढली. आणि आज हा उभा राहून डोक्यावरचं छप्पर मागतोय! कोंडीबा तिच्याकडं बघत होता. लाचार कुत्र्यासारखी नजर झाली होती त्याची. त्या नजरेनंच ती खचली.

"पाटील," ती पुढं झाली आणि पदर तोंडाशी धरला, "बाराशे कशाचं? घर न्हाई ह्ये, वैरी हाय. माझा सावळ्या ह्या घरानं खाल्ला. ह्याच खांबापाशी गेला त्यो. दिसभर हसत खेळत हुता, तिनीसांजंला खांबाला धरून हुबा ऱ्हायला आणि तितंच पडला. तवापासून रातीला झोप न्हाई आमाला. जायाचं कुटं म्हणून ऱ्हातुया. धार्जिणं न्हाई ह्ये घर."

एका पंचानं नकळत खांबावरचा हात काढून घेतला.

खरं काय होतं? ते काही सालांमागच्या आषाढातलं होतं. पोर तापानं फणफणलं होतं. कोंडीबा लावणीला दूरच्या खाचरात, ओढ्याला पाणी, गाडी चालेना. देवूनं त्याला खांद्यावर टाकलं, वर पावसाला इरलं धरलं आणि चिखल तुडवत पौडच्या दवाखान्याची वाट धरली. मागं गंगू अनवाणी पळत होती. दवाखाना काही दिसला नाही. वाटेतल्या करंजाखाली देवू थांबला, खांद्यावरचं ओझं कसं सैल पडलं म्हणून त्यानं बघितलं आणि तो तिथंच चिखलात बसला. परत आणून सावळ्याला मधल्या खांबापाशी निजवलं तेवढं गावानं बघितलं. आधीचं दोघांनीच बघितलं होतं, गंगूनं आणि देवूनं.

गंगूनं बोलताबोलता देवूकडं बघितलं. तो तिच्याकडंच बघत होता. हा आता बोलणार, 'वैनी खोटं बोलती' म्हणणार, आणि आपलं तोंड कायमचं काळं होणार, असं तिला वाटलं. देवूचे ओठ हलले. पण त्यानं मान खाली घातली.

"आता ह्याला बाराशे कोण देणार?" पाटील हळू आवाजात म्हणाले.

"तरी बाराशेच ऱ्हाऊ द्या," देवू पुटपुटला.

"आवो, काय ऱ्हाऊ द्या?" जयसिंगराव त्याच्या अंगावर आला. "बोलीच पडली नाही तर तुमच्या हाताला काय लागणार? माती? उतरवा पाटील, उतरवा. काहीतरी येऊ दे पदरात."

देवूनं सासऱ्याकडं बघितलं, मग वैनीकडं बघितलं आणि तो पडवी उतरून गेला. खालची बोली सहाशे ठरली. कोंडीबानं परसात जाऊन खुशीत तंबाखू मळली. गंगू खांबाशी बसून राहिली. खांब गार होता. त्यावर सावळ्यानं खिळ्यानं मारलेले ओरखडे होते. त्यांच्यावरून हात फिरवायचं तिला धाडस झालं नाही.

बोललेलं तोंडाबाहेर गेलं की ते आपलं राहत नाही. दोन दिवसांत गावभर झालं. मीठमिरची मागायला येणारी शेजारीण उंबऱ्याबाहेरूनच वाटी पुढं करायला लागली. पाणवठ्यावर गंगू गेली की बायका सरकून जागा द्यायच्या, आणि ती जागा मानाची नव्हती. कासारसाईच्या पाहुण्यांनी पारूला बघून पसंत केली होती, वैशाखी पुनवेला सुपारी फोडायची होती. त्यांचा माणूस आला, पडवीतसुद्धा बसला नाही, बैलगाडीच्या जुवाला टेकूनच बोलला, "पोरगी चांगली हाय, आमचं काय म्हणणं न्हाई. पण ज्या घरात आसलं झालंय तितली पोर... मालक म्हणत्यात फुडं बघू."

पारू दाराआड होती. ती आत वळली. चुलीपुढं बसून शेणी मोडत राहिली, लागत होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त.

"एकदा घर हातात येऊ दे," कोंडीबा म्हणाला. "मंग लोक इसरत्यात."

लिलावाची दवंडी पिटली. मारुतीच्या देवळापुढं माणसं जमली, पण ती बघायला जमलेली. घेणारं त्यात कुणीच नव्हतं आणि कोंडीबाला ते चेहऱ्यावरून कळत होतं. धोतराच्या कनवटीला चारशे बांधून तो पुढं बसला होता. बायका पाराच्या मागं. देवू एका बाजूला, जयसिंगराव त्याला खेटून. नारळ फुटला. पाटलांनी खालची बोली सांगितली.

"सहाशे," कोंडीबानं लगेच हात वर केला.

"सहाशे एक वार," पाटील म्हणाले. "सहाशे दोन वार..."

"साडेसहाशे."

माना वळल्या. देवळाच्या कोपऱ्यावर एक छकडा सुटला होता आणि त्यातून उतरलेला माणूस टोपी काढून घाम पुसत होता. पौडचे इलाहीभाई. जुनी घरं मोडून लाकूड पुण्याच्या वखारींना घालायचा त्यांचा धंदा.

"तुमी कसं काय हिकडं?" पाटलांनी विचारलं.

"बाजारात कानावर आलं. बाधलेलं घर हाय, गावातलं कुणी शिवणार न्हाई, बोली बी खाली हाय. म्हणलं बघून यावं. लाकूड काय बाधत न्हाई कुणाला, करवतीखाली गेलं की सगळं सारखंच."

कोंडीबाच्या तोंडचं पाणी पळालं. "सातशे," तो ओरडला.

"साडेसातशे."

"आठशे!" कोंडीबा उभाच राहिला. त्याची सगळी ताकद त्या शब्दात संपली. गंगूनं पाराचा दगड घट्ट धरला. देवा मारुतीराया, एवढ्यावर थांबव, तुझ्या पाया पडते, असं ती मनात म्हणत होती.

इलाहीभाईंनी क्षणभर विचार केला. "सव्वाआठशे."

कोंडीबाचं तोंड उघडं राहिलं. त्यानं गावाकडं बघितलं. कुणी तरी पंचवीस रुपये देतो म्हणेल, म्हणून तो एकेका तोंडाकडं बघत होता आणि माणसं आपल्या पायांकडं बघत होती. बाधलेल्या घरात पैसा कोण घालणार? देवू एकदम पुढं सरकला, खिशाकडं हात नेला, तसा जयसिंगरावानं त्याचा दंड धरला. "शुद्धीवर आहात का?" तो दात ओठ खात म्हणाला. तोवर पाटलांनी तीन वार म्हणून टाकलं.

घर मोडायला चार गडी आले. ज्या छपराला औंदा शाकारणीची शिडी लागली नव्हती त्यावर आता चारी बाजूंनी शिड्या लागल्या. गंगू आणि पारू भांडीकुंडी, जातं, उखळ रानातल्या गोठ्यात नेत होत्या. डोक्यावर ओझं घेऊन जायचं आणि परत यायचं. परत यावं तेव्हा घर आणखी कमी झालेलं असायचं. मातीच्या धुरळ्यानं दोघींचे केस पांढरे झाले. कोंडीबा बांधावर जाऊन बसला तो इकडं फिरकलाच नाही.

गंगूनं परसात झाकून ठेवलेली कौलं आणून इलाहीभाईंच्या पुढं ठेवली. "ही बी घरातलीच हायेत. तुमची."

इलाहीभाईंनी एक कौल उचलून तिच्या हातात परत दिलं. "असू द्यात बाई. गोठ्यावर घाला, कामाला येत्याल." मग ते म्हणाले, "खरं सांगू का? मला वाईट वाटतंय. तुमची खालची बोली हजाराची असती ना, तर मी पौडातनं बैलं जुंपलीच नसती. मोडून एवढं सुटत न्हाई ह्यात."

"मंग घर कुणी घेतलं असतं?"

"कुणी न्हाई. गावात कोण देतंय हजार-बाराशे? बोली पडली न्हाई की लिलाव मोडला. घर ज्याचं त्याच्याकडं."

गंगू हातातलं कौल तसंच धरून उभी राहिली. समोर देवू आला होता. आज सासरा बरोबर नव्हता. गड्यांना हातभार लावायला म्हणून आला असावा, धोतर वर खोचलेलं होतं. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"देवू," गंगू पुढं होत म्हणाली, "म्हणून तू बाराशे म्हणत हुतास?"

त्यानं मान हलवली. "लिलाव केला न्हाई तर बायकू-सासरा मला घरात घेईनात. म्हणलं व्हऊ दे लिलाव, पण बोलीच पडू नये. घर तुमच्याकडं ऱ्हाईल आणि माझ्यावर बी बोल न्हाई. सासरा पाठीशी हुबा. उघड कसं सांगू? दादाला सांगाया बघितलं तर त्यो माझं तोंड बघंना."

"आरं मंग मी खोटं बोलले तवा का गप ऱ्हायलास? तुला तर ठावं हुतं! तुझ्याच खांद्यावर..."

"काय बोलू वैनी?" देवूचे डोळे भरून आले. "सावळ्याचं नाव तुमच्या तोंडात. पंचांम्होरं उठून म्हणू, माझी वैनी लबाड हाय? माझ्याच्यानं न्हाई झालं."

आत गड्यांनी मधल्या खांबाला दोर बांधला होता. बुडाची माती पहारीनं उकरत होते. गंगू धावत आत गेली आणि खांबाला मिठी मारून उभी राहिली. तिच्या कपाळाला सावळ्याचे ओरखडे लागत होते.

"आईका रं!" ती रस्त्याकडं तोंड करून ओरडली. शेजारपाजारचे दारात आले, पाणवठ्यावरून येणाऱ्या बायका हंड्यांसकट थांबल्या. "ह्या घरानं माझं लेकरू न्हाई खाल्लं! त्यो वाटंवर गेला, करंजाखाली, चुलत्याच्या खांद्यावर! ह्या घरात त्यो रांगला, हसला, वाढला. घर चांगलं हुतं! मी खोटं बोलले! इचारा देवूला!"

"खरं हाय," देवू दारातून म्हणाला. "वैनी खरं बोलती."

हंडेवाल्या बायकांतल्या एकीनं पदरानं डोळे टिपले आणि दुसरीच्या कानाशी लागून म्हणाली, "बिचारी. घर सुटवंना म्हणून आता असं बोलती. दीर बी तिच्या समाधानाला व्हय म्हणतुया. बाधा हाय गं, ती अशी सोडती व्हय?" आणि पोरांना हाताशी ओढून त्या तिथून लवकर निघाल्या.

इलाहीभाईंनी गड्यांना थांबवलं. गंगूची मिठी सैल होईपर्यंत सगळे खाली बघत उभे राहिले. मग पारू पुढं आली, आईचे हात तिनं खांबावरून सोडवले आणि तिच्या डोक्यावर चुंबळ ठेवली.

"चल आये," ती म्हणाली. "सांज व्हायच्या आत गोठ्यात चूल मांडायची हाय."